मागच्या आसनाचा विचार

एव्हरशाईन सिटीपासून वसई रोड स्थानकापर्यंतचे अंतर ते काय! तरीही नवी मोटारसायकल दारात उभी असताना आई म्हणू लागली, "तू हो पुढे, मी रिक्षाने येते." मला वाटले, वय झाले. खरे कारण तिने बऱ्याच दिवसांनी सांगितले. प्रत्येक ब्रेकला ती पुढे घसरत होती आणि भीतीने तिचे अंग आखडून जात होते.

गाडी निवडताना मी आसनाची उंची पाहिली होती, पण केवळ माझ्यापुरती. स्प्लेंडरचे आसन जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५०चे ८०५. माझे पाय टेकतात ना, एवढाच हिशेब. मागे उंच आणि पुढे उतरते आसन दिसायला डौलदार असते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या स्त्रीला मात्र ती घसरगुंडीच ठरते. दुकानात आईला एकदा बसवून पाहिले असते, तर हे तिथेच कळले असते.

सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराने मला नव्हे, आईला बसायला सांगितले. बोटाला मऊ लागणारा फोम अंगाच्या भाराखाली पार दबतो आणि खालचा कडक प्लास्टिकचा तळ माकडहाडाला टोचू लागतो. म्हणून त्याने खाली टणक फोम घालून उतार सपाट केला आणि वर मऊ फोमचा पातळ थर दिला. कव्हर गुळगुळीत नव्हे, खरखरीत रेक्झिनचे. शिवण बसण्याच्या जागेपासून दूर ठेवली, कारण आपल्याकडच्या पावसात पाणी शिवणीतूनच फोममध्ये झिरपते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर; त्यात चामडे नसते. 'लेदर' म्हणून दाखवलेले कव्हर मात्र आपल्या घरांत विचारूनच घ्यावे.

माझीही जागा इंचभर उंच करावी, असा मोह मला झाला. कारागिराने मान हलवली. मागची व्यक्ती डावीकडे तोंड करून बसली की गाडी थांबताना भार डावीकडे ओढतो. तेव्हा चालकाचा पाय पुरता टेकलाच पाहिजे. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरची खाचांची कडी त्याने दोघांच्या वजनासाठी एक खाच घट्ट केली. ती सैल असली की मागची बाजू दबते, खड्ड्याचा दणका थेट कण्याला बसतो आणि रात्री आपला दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

पुढचे लिहिताना संकोच वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड व पाय ठेवण्याची सोय हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला हवा. आमच्या गाडीचे साडी गार्ड मीच, गाडी सुबक दिसावी म्हणून, काढून माळ्यावर टाकले होते. त्याच संध्याकाळी ते पुन्हा बसवले.

आता आई येते. उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा मागच्या पकडीवर. हेल्मेटसाठी मात्र अजून रोज आर्जव करावे लागते.