व्हिसा आणि शाळेचे रजिस्टर

परदेशी शिकायला जाण्याची गोष्ट आता मुंबई-पुण्याच्या घरांपुरती राहिलेली नाही. राजापूर-लांज्याकडची, गुहागर-मंडणगडची मुलेही जर्मनीची नि विलायतेची चौकशी करतात. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "पण व्हिसा मिळेल ना?" हा शब्द जितका बोलला जातो तितका समजून घेतला जात नाही. म्हणून आज त्याचीच थोडी उकल करू.

पासपोर्ट आपले सरकार देते. हा आमचा नागरिक आहे, एवढे त्यावरून कळते. व्हिसा मात्र दुसऱ्या देशाचे सरकार देते. आपल्या घरात कोणाला राहू द्यायचे हे घरधनी ठरवतो, तसेच हे आहे. व्हिसा म्हणजे हक्क नव्हे, परवानगी.

आपल्या जिल्ह्याला परदेशी शिक्षण नवे नाही. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जायला १९२० साल उजाडले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही पैशासाठी थांबावे लागले. आज व्हिसाचा अधिकारी पैशाविषयी खोदून विचारतो, त्याचे एक कारण हेच. मुलगा मध्येच अडणार तर नाही ना, हे त्याला पाहायचे असते.

सगळे फॉर्म बाजूला ठेवले तर प्रश्न चारच उरतात. तू कोण? तुला बोलावले कोणी? खर्च कोण करणार? आणि हेच शिकायला इतक्या लांब का?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण पुष्कळ मुले तिथेच अडखळतात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. एकीकडे वडिलांचे नाव येते, दुसरीकडे गळते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत एक स्पेलिंग, शाळेत दुसरे, आधारकार्डावर तिसरे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख घालीत, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. गावात याने काही बिघडत नाही. परक्या देशाच्या कचेरीत मात्र दोन नावे म्हणजे दोन माणसे! मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटली की अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशा फेऱ्या सुरू होतात आणि तोवर प्रवेशाची तारीख टळून जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विद्यापीठाचे पत्र. अमेरिकेसाठी 'आय-२०' हा कागद लागतो, ब्रिटनसाठी 'कॅस' नावाचा क्रमांक. जर्मनीला जायचे तर आपल्या गुणपत्रिका व पदव्या एपीएस या कचेरीकडून आधी तपासून घ्याव्या लागतात.

तिसरा प्रश्न पैशाचा. जर्मनीत राहण्याच्या खर्चासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो अशी रक्कम ठरली. ती साधारणपणे एका बंद खात्यात आधी भरायची आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडी थोडी काढायची. ब्रिटनसाठी फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. मध्ये एक दिवसही शिल्लक खाली गेली तर हिशेब फसतो. शिवाय ते खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे. मुंबईच्या मामाने कितीही मायेने पैसे दिले, तरी ते मामाच्या खात्यात असून चालत नाही. आणि हे आपले वडील, हे दाखवायला जन्मदाखला लागतो. तिथे पुन्हा नावे जुळायला हवीत!

आपल्या बागायतदारांची आणखी एक अडचण आहे. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून पुष्कळांकडे कराची विवरणपत्रे नसतात. आंब्याचा पैसा येतो तो दोन-तीन महिन्यांत, एकदम. बाहेरच्या अधिकाऱ्याला वाटते, हा पैसा कालच कोणीतरी उसना आणून ठेवला. म्हणून सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दलालाच्या पट्ट्या दोन-तीन वर्षे जपून ठेवाव्यात. विक्रीचे पैसे बँकेतूनच घ्यावेत. कर्ज काढणार असाल तर बँकेचे मंजुरीपत्रही उपयोगी पडते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी समाजकल्याण खात्याकडे करावी.

चौथ्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर चालत नाही. अमेरिकेच्या कायद्यात अर्जदार तिथेच कायम राहायला येतो आहे असे आधी धरून चालतात, आणि तसे नाही हे मुलाने मुलाखतीत पटवायचे असते. मुलाखत काही मिनिटांतच आटोपते. आपण काय शिकणार, ते इथल्या शिक्षणाशी कसे जुळते, पुढे त्याचे काय करणार, हे ज्याने खरोखर विचारात घेतले आहे तो साध्या इंग्रजीतही सांगू शकतो.

आता एक सावधगिरी. "हमखास व्हिसा मिळवून देतो" असे कोणी म्हणाला, तर त्याच्या दारातून परत फिरावे. अशी हमी कोणाच्याच हातात नाही. खोटा दाखला किंवा बनावट बँक-पत्र सापडले तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. एजंट आपले पैसे घेऊन मोकळा होतो. बाग गहाण पडते ती बापाची आणि डाग लागतो तो मुलाच्या नावाला.

रकमा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी त्या त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ते ताडून पाहावेत. तयारीला निदान एक वर्ष धरावे. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मात्र एक विनंती आहे. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधारकार्ड आणि शाळेचे रजिस्टर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. त्यातला कोण उद्या कुठे जाईल, हे आज आपल्याला सांगता येत नाही. पण जो जाईल, त्याची वाट एका वेलांटीपायी अडू नये.