‘गाडी परत केली’ : कर्जव्यवहारातील एका शब्दप्रयोगाचा विचार

वणी हे दिंडोरी तालुक्यातील, सप्तशृंग गडाच्या वाटेवरचे बाजारपेठेचे गाव. द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांवर येथील व्यवहार चालतो, आणि हा माल पिंपळगाव बसवंतच्या वा नाशिकच्या बाजारात नेणारी पिकअप गाडी पुष्कळदा हप्त्यावर घेतलेली असते. गारपिटीने बाग गेली किंवा टोमॅटोचा भाव कोसळला की गाडीचा हप्ता थकतो. अशा वेळी वसुलीच्या माणसांनी गाडी भर रस्त्यात ‘ओढून’ नेण्यापूर्वी आपणच ती नेऊन द्यावी, म्हणजे गाडी गेली तरी पत राहील, असा विचार ऋणकोच्या मनात येतो. या समजुतीचे मूळ ‘गाडी परत केली’ या साध्या वाक्यात आहे. त्यातील ‘परत’ हा शब्द आज बहुधा यथार्थ नसतो.

परत करावयाची वस्तू दुसऱ्याची असावी लागते. शेजाऱ्याचे भांडे परत करता येते, स्वतःचे नव्हे. भाडेखरेदीच्या पद्धतीत हा शब्द वाहनालाही लागू पडे. तेथे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकी पैसा पुरविणाऱ्याकडे राही, आणि घेणारा तोवर भाडेकरूच असे. के. एल. जोहर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कराराची भाडे आणि विक्री अशी दोन अंगे स्पष्ट केली. गाडी परत देऊन व तोवरचे थकलेले भाडे चुकवून अशा करारातून बाहेर पडण्याची वाट सामान्यतः असे. (या विषयावरचा १९७२ चा कायदा संमत होऊनही कधी अमलात आला नाही आणि २००५ साली रद्द झाला, हेही एक नवलच.)

आजचे वाहनकर्ज बहुधा नजरगहाणाचे असते. हा जुना शब्द मोठा बोलका आहे. ताबेगहाणात तारण धनकोच्या हाती जाते; नजरगहाणात ते ऋणकोकडेच राहते, धनकोची असते ती केवळ नजर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमान्वये नोंदणीपत्रावर बोजा चढतो खरा, परंतु मालक म्हणून नाव शेतकऱ्याचेच असते. तेव्हा गाडी यार्डात नेऊन लावणे म्हणजे परत करणे नव्हे. तारण विक्रीसाठी स्वाधीन करणे होय. व्यवहार बदलला, शब्द मात्र जुन्या व्यवहाराचाच राहिला.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, देणे ५,२०,००० रुपये आहे. लिलावात गाडीचे ३,६०,००० आले आणि यार्डभाडे व इतर खर्च १५,००० झाला, तर १,७५,००० रुपये देणे उरते. गाडी गेल्यावरही हे देणे उभेच असते, आणि ते जामीनदाराकडूनही मागता येते. खेड्यात जामीनदार बहुधा भाऊबंदांपैकीच असतो. गाडी देऊन आलेल्या माणसाला याची आठवण क्वचितच असते.

आता ‘पत’ या शब्दाकडे वळू. मराठीत पत म्हणजे अब्रूही आणि उधार मिळण्याची योग्यताही. दोन्ही गोष्टी पूर्वी गावातील माणसांच्या मुखी आणि स्मरणात असत, आणि आपण होऊन गाडी देणाऱ्याचे वर्तन त्यांत जमेस धरले जाई. सन २००० मध्ये सिबिल ही संस्था स्थापन झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि पत ३०० ते ९०० या अंकांत मोजली जाऊ लागली. ‘सिबिल खराब झाले’ असे आता पारावरही ऐकू येते. संस्थेच्या नावाचे सामान्यनाम झाले. या नोंदवहीत हप्ता किती दिवस थकला ते उतरते. ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. गाडी कोणी नेली, ऋणकोने की वसुलीवाल्याने, याने त्या दिवसांची संख्या कमी होत नाही.

याहून फसवा शब्द ‘मिटवणे’ हा आहे. हिशेब मिटवला म्हणजे गावात कौतुकाची गोष्ट. परंतु उरलेल्या १,७५,००० पैकी ८०,००० घेऊन धनकोने बाकी सोडली, तर पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि त्याचा अर्थ, धनकोला पूर्ण रक्कम मिळाली नाही, असा होतो. पुढे ट्रॅक्टरसाठी अर्ज करताना हाच शेरा आडवा येतो. पूर्ण फेडून बंद झालेले खाते वेगळे, मिटवलेले वेगळे.

मग स्वेच्छेला काहीच मोल नाही काय? आहे. ओढून नेण्याचा खर्च आणि चव्हाट्यावरची शोभा टळते. शिवाय बळजबरीचा अधिकार धनकोला नाहीच. वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर यांच्या खटल्यात बजावले आहे. गाडी द्यावयाचीच असेल तर टायर, बॅटरी व चाललेले किलोमीटर नमूद केलेली ताबापावती घ्यावी, विक्रीची सूचना लेखी मागावी आणि विक्रीनंतरचा हिशेब हाती घ्यावा.

याहून बरा मार्ग म्हणजे धनकोच्या संमतीने गिऱ्हाईक स्वतः पाहणे. यार्डातील लिलावापेक्षा असा भाव बहुधा चांगला येतो. त्यातून कर्ज पूर्ण फिटले की नमुना ३५ भरून बोजा उतरवता येतो आणि खाते निर्वेध बंद होते. मात्र हे हप्ता थकण्यापूर्वी करावयाचे असते. नंतर पूर्ण पैसे भरले तरी थकलेल्या महिन्यांच्या नोंदी काही वर्षे तशाच राहतात. वर्षातून एकदा हा पतअहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रारीनंतर ३० दिवसांत निवारण व्हावे लागते, न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.