पिशवी किती किलोची?

पावणेसहाला पुण्यातल्या मंडईचा अष्टकोनी मनोरा अजून अंधारात असतो, पण खालच्या गाळ्यांत दिवे लागलेले असतात. मार्केट यार्डातून आलेल्या टेम्पोंमधून मेथीच्या जुड्या आणि कोबीची पोती उतरत असतात. आमचं दुकान बाहेर, रस्त्याच्या कडेला: चार बांबू, एक ताडपत्री, दोन भाड्याची टेबलं. वसुबारसेच्या चार दिवस आधी मांडलं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री उचलायचं.

माल आम्हा चौघी चित्रकार मैत्रिणींनी केलेला आहे. छापाच्या कापडी पिशव्या, रंगवलेल्या पणत्या, कामट्यांचे आकाशकंदील आणि तांबट आळीतून मठारून आणलेले पेले. सकाळचा पहिला तास या पेल्यांचा. काल हाताळणाऱ्या प्रत्येकाची बोटं त्यांवर उमटलेली असतात. चिंच-मीठ लावून घासले की पुन्हा लखलखतात.

गेल्या साली आम्ही हेच दुकान शहराबाहेर एका तळ्याकाठी मांडलं होतं. मागे पाणी, झाडांत दिव्यांच्या माळा. लोक यायचे, ‘किती क्यूट’ म्हणायचे, फोटो काढायचे, निघून जायचे. मंडईत फोटो कोणी काढत नाही. इथं पहिला प्रश्न येतो, “हे कशासाठी?” आणि दुसरा, “केवढ्याला?”

आठ वाजता शेजारच्या कोथिंबीरवाल्या मावशी चहाचा कप हातात घेऊन आल्या. चार दिवस त्या आमच्याकडे नुसत्या बघत होत्या. आज त्यांनी टेबलावरची पिशवी उचलली. तिच्यावर याच मनोऱ्याचं रेखाचित्र आहे, त्यावर माझे तीन आठवडे गेलेत.

“किती किलो झेपतंय हिला?”

मी कापडाचा दर्जा सांगायला लागले. त्यांनी ऐकलंच नाही. समोरच्या गाळ्यावरून पाच किलो बटाटे मागवले, पिशवीत ओतले आणि दोन हिसके दिले. दुसऱ्या हिसक्याला एका बंदाची शिवण उसवली.

“चित्र झ्याक हाय. पण बंद वरच्या वर टाचलाय. पार बुडाखालून फिरवून आण, मग बघ.”

पहिलं मनात आलं ते असं, की बंद बुडापर्यंत नेला तर तो बरोबर मनोऱ्यावरून जाणार. ते मी बोलले नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्यांचं पेव फुटलंय. त्यांतल्या निम्म्या तरी बटाट्यांची गाठ न पडताच कपाटात पडून असतील. आमच्याही असतील.

दहा ते बारा गर्दी. मेट्रोच्या जिन्यातून माणसांचे लोंढे वर येतात. इथलं भुयारी स्टेशन सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालं. साडेतीनशेची पिशवी बघून “तुळशीबागेत शंभरला दोन” हे ऐकायची आता सवय झाली आहे. कंदील मात्र भराभर जातात. त्यांचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही.

साडेबाराला एका आजींनी सहा पणत्या बाजूला काढल्या आणि विचारलं, “रात्रभर पाण्यात घातल्या तर रंग राहील ना?” मी गप्प. कोरी पणती भिजवल्याशिवाय लावली तर ती तेल पिते, म्हणून आमच्या घरीही आधी भिजवतात. ॲक्रिलिकनं रंगवताना मला ते आठवलंच नव्हतं. आतून मातीच असल्यानं पाणी मुरणार आणि बाहेरचा रंग पापुद्रे होऊन सुटणार. खरं ते सांगितलं. आजींनी पणत्या ठेवल्या, मग दोन पुन्हा उचलल्या. “या देवापुढे नाही, शोकेसमध्ये ठेवीन.” चारच्या पैशांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

दुपारी दोन ते चार काहीच होत नाही. ताडपत्रीखाली भट्टी पेटते, डबा खाऊन मी समोरच्या दगडी भिंतींकडे बघत बसते. ही इमारत 1886 साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, मुंबई प्रांताच्या गव्हर्नरच्या नावानं. त्याआधी जोतीराव फुले नगरपालिकेत सदस्य होते, तेव्हा त्यांनी बाजारावरच्या या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘हे कशासाठी’ हा प्रश्न इथं आमच्या पिशवीच्या कितीतरी आधी विचारला गेलाय तर. पुढे याच मंडईला त्यांचं नाव मिळालं.

संध्याकाळी सहानंतर उसंत नाही. झेंडू, रांगोळी, किल्ल्यावरचे मावळे, सगळ्यांच्या आरोळ्या एकात एक मिसळतात आणि मधेच कुणाच्या तरी टेबलावरचं यंत्र खणखणीत आवाजात पैसे जमा झाल्याचं सांगतं. कंदील संपले. पेले तीन गेले. पणत्यांपुढे मी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: ‘भिजवू नयेत’. त्यानंतर पणती एकही गेली नाही.

साडेनऊला आवराआवर. मैत्रिणीला फोन करून बंदाचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मनोरा थोडा डावीकडे सरकवला तर?”

मावशींनी उरलेली कोथिंबीर, चार लिंबं आणि ते सकाळचे बटाटे त्या उसवलेल्या पिशवीत भरून माझ्या हातात दिले.

“बंदाला धरू नको. खालून हात लाव.”

बाळ उचलावं तशी ती दोन्ही हातांत घेऊन मी मेट्रोच्या जिन्याकडे निघाले.