शिट्टी एक, सामने दोन

बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर ३ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता. ९० मिनिटे संपली तेव्हा बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात गोलशून्य बरोबरी होती. जादा वेळेत, ९६व्या मिनिटाला बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक भिंत उभी करण्यात गुंतलेला असताना सुनील छेत्रीने चेंडू सरळ जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी चिडून संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि तो संघ परतलाच नाही. सामना बेंगळुरूच्या खात्यात गेला. पुढे महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळच्या क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड केला.

त्या एका किकवरचा वाद मात्र दंड भरून मिटला नाही. फ्री किक झटपट घ्यायला नियमाची आडकाठी नसते. पंचाने ‘माझ्या शिट्टीची वाट पाहा’ असे सांगितले असेल तरच थांबावे लागते. बेंगळुरूच्या पाठीराख्यांना छेत्री पंचांशी बोलून, परवानगीनेच किक घेताना दिसतो. केरळच्या पिवळ्या जर्सीवाल्यांना पंच भिंतीचे अंतर ठरवायच्या बेतात असलेले दिसतात, म्हणजे शिट्टी बाकी होती. चित्रफीत दोघांकडे एकच आहे. ती दोघांनीही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहत वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. कोणती पेठ कोणत्या बाजूला बसली आहे हे कळले, की पेनल्टी होती की नव्हती याचे उत्तर आधीच ठाऊक असते.

समोरचा माणूस खोटे बोलतो आहे, असे अशा वेळी दोन्ही बाजूंना वाटते. मानसशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. तो बहुधा खरेच सांगत असतो. त्याला तसेच दिसलेले असते.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतला, आणि तोही अंडाकृती चेंडूच्या तिथल्या फुटबॉलमधला आहे. १९५१च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा सामना झाला. खेळ इतका धसमुसळा होता की प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले आणि डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना दोन्ही संघांचे नियमभंग जवळपास सारखे, सरासरी चारेक दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना स्वतःच्या संघाचे चारच दिसले, पण डार्टमथचे जवळपास दहा! १९५४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात एक मजेदार तारही आहे. डार्टमथच्या दूरच्या एका माजी विद्यार्थ्याकडे फिल्म पाठवली गेली. ती पाहून त्याने उलट तार केली, की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमान टपालाने पाठवा, जोडून घ्यायची सोय आमच्याकडे आहे. फिल्म अर्थातच पूर्ण होती. डार्टमथवाल्यांच्या ज्या दांडगाईबद्दल त्याने ऐकले होते, ती त्याला त्यात सापडत नव्हती.

आपल्याला वाटते, डोळे आधी पाहतात आणि मन नंतर बाजू घेते. पण धावत्या खेळात एका क्षणी बावीस माणसे हलत असतात. त्यातले कोणाकडे पाहायचे, हे निष्ठा आधीच ठरवून टाकते. आपल्या खेळाडूचा पाय ओढला जातो तेव्हा आपण त्या पायाकडे पाहत असतो. आपल्याच खेळाडूने क्षणभर आधी कोपर मारलेले असते, तेव्हा नजर चेंडूवर असते.

मग पंचाचे काय? त्याला ना पेठ, ना क्लब. पण डोळे त्यालाही माणसाचेच आहेत. ऑफसाइडचे उदाहरण घ्या. साहाय्यक पंचाने बचावाच्या शेवटच्या खेळाडूच्या अगदी रेषेत उभे राहायचे असते (गोलरक्षक मोजला तर शेवटून दुसऱ्या). धावपळीत तो मीटरभर पुढे, गोलरेषेकडे सरकला, तर त्याची नजर मैदानावर तिरकी पडते. मग बचावपटूच्या पलीकडून धावणारा आक्रमक नियमात असूनही पुढे गेलेला दिसतो आणि अलीकडून धावणारा खरोखर पुढे असूनही मागे दिसतो. चुका कोणत्या बाजूला आणि कोणत्या प्रकारच्या होतात हे या भूमितीवरून समजते, असे नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०००मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले. नजर चांगली असून यात उपयोग नाही. गैरसोय उभे राहण्याच्या जागेतच आहे.

वेळेचीही अशीच अडचण. पास कोणत्या क्षणी सुटला हे पाहायचे आणि त्याच क्षणी तीस मीटर दूरचा आक्रमक कुठे होता हेही पाहायचे. नजर एकीकडून दुसरीकडे नेऊन स्थिर व्हायला दशांश सेकंद तरी जातो. आक्रमक सेकंदाला ७ मीटर वेगाने गोलकडे निघाला असेल आणि बचावपटू ३ मीटर वेगाने उलट दिशेला येत असेल, तर तेवढ्या वेळात दोघांमधले अंतर एका मीटरने बदलते. शिवाय हलणारी वस्तू मेंदूला तिच्या त्या क्षणाच्या जागेपेक्षा थोडी पुढे भासते. त्यामुळे नियमात असलेल्या खेळाडूसाठीही झेंडा वर जाण्याची शक्यता वाढते. इतके असूनही बहुतेक निर्णय बरोबर येतात, हे खरे तर आश्चर्य. पण बरोबर निर्णयाची चर्चा चहाच्या टपरीवर होत नाही.

घरच्या मैदानावर पंच यजमानांना झुकते माप देतात, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांना जास्त शिक्षा झाली नाही, यजमानांना सूट मिळाली. कोरोनाच्या काळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांची संख्या घटली. म्हणजे ‘पंच विकला गेला’ असे आपण ओरडतो, तेव्हा त्याला खरोखर झुकवणारी गोष्ट आपला तो ओरडाच असू शकतो.

यंत्र आले की भांडण मिटेल, अशी आशा होती. व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे व्हीएआर, २०१८पासून फुटबॉलच्या नियमांत आहे. छेत्रीच्या त्या सामन्यात ही सोय नव्हती. पण सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यातही दोन चित्रांमध्ये वरचेच दोन खेळाडू एकमेकांपासून २० सेंटीमीटर सरकतात, आणि निर्णय कधी कधी बोटभर अंतराचा असतो. संथगतीचा खेळ निराळाच. युरोपातल्या अव्वल पंचांवर झालेल्या एका अभ्यासात फाउल आहे की नाही, हे ओळखण्याची अचूकता संथगतीमुळे फारशी बदलली नाही, शिक्षा मात्र कडक झाली. सेकंदाची धडक दहा सेकंद चालताना पाहिली, की ती हेतुपुरस्सर वाटू लागते.

आणि यंत्रामागे शेवटी माणूसच बसलेला. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासने केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. व्हिडिओ कक्षात तपासणी झाली, खेळाडू नियमात असल्याचे दिसले. पण मैदानावर गोल दिला गेला आहे, अशा समजुतीत तिथल्या पंचांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले आणि खेळ पुढे सुरू झाला. चूक लक्षात आली तोवर नियमाप्रमाणे मागे जाता येत नव्हते. लिव्हरपूल २-१ने हरले. पंचांच्या संघटनेने चूक मान्य केली, संभाषणाचे ध्वनिमुद्रणही जाहीर केले. त्यातला गोंधळ ऐकून कटाचा संशय विरायला हवा होता. ज्यांना तो घ्यायचाच होता, त्यांनी नंतरही घेतला.

असे का होते, याचे एक कारण निष्ठेच्या स्वभावात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या १९७६च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या संघाच्या सामन्याबद्दल विचारले गेले. विजयाबद्दल बोलताना ‘आपण’ हा शब्द जास्त वेळा आला, पराभवाबद्दल बोलताना कमी. ‘आपण जिंकलो, ते हरले’ हा प्रकार क्रिकेटमुळे आपल्याही चांगला परिचयाचा आहे. मन वाचवण्याची ही सोपी युक्ती, पण ती हौशी प्रेक्षकासाठी. कट्टर चाहत्याला ‘ते हरले’ म्हणताच येत नाही, कारण संघ त्याच्या ‘मी’चाच भाग असतो. संघाला दोष द्यावा तर तो स्वतःला लागतो. अशा वेळी दोष बाहेर काढायला एकच दार उघडे असते आणि त्या दारात शिट्टी घेऊन पंच उभा असतो. स्वीडनचे नावाजलेले पंच अँडर्स फ्रिस्क यांनी २००५मध्ये बार्सिलोना आणि चेल्सी यांच्या सामन्यानंतर आलेल्या धमक्यांमुळे, कुटुंबाच्या काळजीने, शिट्टी कायमची खाली ठेवली.

या निष्ठेची किंमत चाहत्याचे शरीरही मोजते. जर्मनीत २००६चा विश्वचषक झाला तेव्हा म्युनिक परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या ४२७९ रुग्णांची नोंद तपासण्यात आली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे प्रसंग इतर काळाच्या २.६६ पट होते. पुरुषांत ३ पटींहून अधिक, स्त्रियांत १.८२ पट. सर्वाधिक धोका सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत दिसला. त्या दिवसांतल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. १९९८च्या विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटवर हरले, त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमधल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले होते. तणावात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी हृदय हे सोसते, आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही. त्यात जागरण, सिगारेट, दारू आणि तळणाची भर पडते.

त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी रात्री साडेबाराच्या सामन्याच्या नादात औषधाची गोळी चुकवू नये. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, दम लागणे यांतले काही जाणवले तर ‘सामना संपू दे, मग बघू’ असे म्हणत बसू नये. १०८ला फोन करावा किंवा लगेच रुग्णालय गाठावे. यात वेळ दवडल्यामुळे दगावणाऱ्यांची संख्या थोडी नाही. पंचाच्या निर्णयावरून जीव कासावीस होत असेल, तर दोन मिनिटे उठून गच्चीत जावे. निकाल आपल्या बसण्या-उठण्याने बदलत नाही, हे कट्टर चाहत्याला पटणे अवघड असले तरी.

संघ सोडून द्या, असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. शेकडो अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी श्वास रोखणे, एकाच वेळी ओरडणे, यातून मिळणारी आपलेपणाची भावना एकाकी माणसाला मोठा आधार असते. प्रश्न ‘आपले’ या शब्दात कोण कोण मावते एवढाच आहे, आणि तो शब्द ताणता येतो. लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हाइन यांच्या गटाने मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना बोलावले. संघावरच्या प्रेमाबद्दल काही प्रश्न विचारून त्यांना दुसऱ्या इमारतीकडे पाठवले. वाटेत एक तरुण पळता पळता घसरून पडला आणि पाय धरून कण्हू लागला. तो अर्थात संशोधकांचाच माणूस. त्याच्या अंगात युनायटेडची जर्सी होती तेव्हा १३पैकी १२ जण मदतीला थांबले. साध्या शर्टात होता तेव्हा १२पैकी ४, आणि हाडवैरी लिव्हरपूलच्या जर्सीत होता तेव्हा १०पैकी फक्त ३.

दुसऱ्या वेळी संशोधकांनी एवढाच बदल केला, की युनायटेडऐवजी फुटबॉलचा चाहता असण्याबद्दल प्रश्न विचारले. आता लिव्हरपूलच्या जर्सीतल्या तरुणासाठी १०पैकी ७ जण थांबले, युनायटेडवाल्यासाठी ८. साध्या शर्टातल्या तरुणासाठी मात्र ९पैकी दोघेच.