धुराची घंटा कोठे बसवावी?

कारखान्यात आगीची घंटा असावी म्हणून आम्ही मालकांशी वर्षानुवर्षे भांडलो. एका सभेनंतर एका कामगार भगिनीने विचारले, "दादा, आठ तासांची घंटा मिळाली, उरलेल्या सोळा तासांची कोठे आहे?" आम्ही निरुत्तर झालो. आज त्या प्रश्नाचे उत्तर देत आहो.

धूर लागताच कर्कश ओरडणारी लहानशी डबी बाजारात मिळते. पण ती कोठे बसवावी, यावरच तिचा उपयोग अवलंबून आहे. घरच्या आगीत माणूस बहुधा ज्वाळेने नव्हे, धुराने मरतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याने निजलेल्याची गुंगी वाढतच जाते. धुराच्या वासाने आपण जागे होऊ, हा भ्रम आहे. झोपेत नाक निजते. कान मात्र बराचसा जागा असतो.

म्हणून पहिला प्रश्न 'आग कोठे लागेल?' हा नव्हे, 'माणूस कोठे निजतो?' हा होय. निजण्याच्या प्रत्येक खोलीत एक, त्या खोल्यांबाहेरच्या वाटेवर एक आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक, असा नियम आहे. एकच परवडत असेल तर ती स्वयंपाकघर आणि अंथरूण यांच्या मधल्या वाटेवर, निजलेल्याला ऐकू जाईल अशी बसवावी.

तापलेला धूर वर चढून छताखाली पसरतो. तेव्हा घंटा छतालाच हवी. भिंतीवर लावणे भाग पडले तर छतापासून १२ इंचांच्या आत. उतरत्या छपराला ती आढ्यापासून ३ फुटांच्या आत असावी, पण अगदी टोकाच्या सांदीत नको. तेथील कोंडलेली हवा धुराला शिरू देत नाही. पंख्याच्या पात्यांपासून ३ फूट अंतर ठेवावे. खिडकीजवळही नको, वारा धूर पळवतो.

शेगडीपासून १० फूट दूर राहावे. फोडणीच्या किंवा उदबत्तीच्या धुराने घंटा रोज ओरडू लागली की वैतागून कोणीतरी तिची बॅटरी काढतो. अशी मुकी घंटा नसलेल्या घंटेहून वाईट, कारण घर तिच्यावर विसंबून निजते. एकाच खोलीत संसार असणाऱ्यांस १० फूट कोठून मिळणार? त्यांनी शेगडीपासून सर्वांत दूरची, अंथरुणाकडची बाजू धरावी व प्रकाशकिरणावर चालणारी घंटा घ्यावी. स्वयंपाकाच्या धुराने ती कमी फसते.

महिन्यातून एकदा कळ दाबून घंटा वाजवून पाहावी. १० वर्षांनी ती बदलावी. आजोबांना ऐकू येत नसेल, तर त्यांना कोणी उठवायचे हे आजच ठरवावे. घंटा फक्त हाक मारते. हाकेला धावून जाणे हे आपणां माणसांचेच काम. संघटनेत आम्ही एवढेच शिकलो.