रक्तपरीक्षा, न्यायवैद्यकीय (गुंगीकारक द्रव्यांची)

लैंगिक अत्याचाराच्या तपासात पीडित व्यक्तीच्या शरीरात मद्य किंवा गुंगी आणणारे द्रव्य गेले होते काय, हे ठरविण्यासाठी रक्ताची जी रासायनिक परीक्षा करतात तिला ही संज्ञा लावतात. अशा द्रव्यांमुळे प्रतिकाराचे सामर्थ्य कमी होते व घटनेची स्मृतीही लोपते. त्यामुळे तोंडी पुराव्यात राहणारी उणीव या परीक्षेने अंशतः भरून निघते.

अशा प्रकरणांत एथिल अल्कोहॉल सर्वाधिक आढळते. डायाझेपाम, अल्प्राझोलाम, फ्ल्युनिट्राझेपाम ही बेंझोडायाझेपीन वर्गातील औषधे, तसेच झोल्पिडेम, केटामीन व गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्ल ही इतर महत्त्वाची द्रव्ये होत.

परीक्षेचे यश मुख्यत्वे वेळेवर अवलंबून असते. रक्तातील अल्कोहॉल ताशी दर १०० मिलि. रक्तामागे सु. १५ ते २० मिग्रॅ. या प्रमाणात घटते. गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्ल रक्तात सु. ६ ते ८ तास व मूत्रात सु. १२ तासच सापडते. अनेक औषधांची चयापचयाने बनलेली रूपे मात्र मूत्रात काही दिवस टिकतात. म्हणून रक्ताबरोबरच मूत्राचा नमुनाही घेतात. घटनेनंतर १२० तासांपर्यंत तो उपयुक्त ठरू शकतो. केस महिन्याला सु. १ सेंमी. वाढत असल्याने काही आठवड्यांनंतर केसांची तपासणी करता येते.

रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसत नाहीत. नमुन्यात जंतूंची क्रिया थांबविण्यासाठी सोडियम फ्ल्युओराइड व रक्त साखळू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झॅलेट घालतात. नमुना मोहोरबंद करून शीत स्थितीत ठेवतात व तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद करतात. प्रयोगशाळेत प्रथम प्रतिरक्षा-परीक्षेने प्राथमिक चाचणी करून नंतर वायू अथवा द्रव वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या साहाय्याने निष्कर्ष पक्का करतात.

द्रव्य आढळले, तरी ते कोणी व कसे दिले हे परीक्षेवरून कळत नाही. पीडितेने उपचारासाठी घेतलेल्या औषधांचीही माहिती आवश्यक असते. गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्ल शरीरात अल्प प्रमाणात निसर्गतःच असते. उलटपक्षी, द्रव्य आढळले नाही म्हणून ते दिलेच नव्हते असे ठरत नाही. नमुना घेण्यापूर्वीच ते नाहीसे झालेले असू शकते. नकारात्मक अहवालावरून पीडितेचे कथन खोटे मानणे शास्त्रदृष्ट्या चूक होय.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार बलात्काराच्या गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पीडित स्त्रीस वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे लागते; तपासणीस तिची संमती आवश्यक असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीची संमती ही संमती ठरत नाही. त्यामुळे मद्य तिने स्वतः घेतले होते, एवढ्यावरून आरोपी दोषमुक्त होत नाही.