लांब पल्ल्याच्या विजेरीची पारख

धान्याच्या व्यापारात पोत्यावरील छाप पाहून कोणी सौदा करीत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एखादा दाताखाली फोडून पाहिल्यावाचून भाव बोलावयाचा नाही, अशी आपली रीत. परंतु आपणच विजेरी घेताना मात्र खोक्यावरील मोठा आकडा पाहून भुलतो. आम्हीही भुललो, आणि त्याचे फळ दुसऱ्याला भोगावे लागले. म्हणून या स्मरणिकेत व्यापारी बंधूंसाठी चार उपयोगाच्या गोष्टी लिहीत आहोत. विजेरीलाच आपल्याकडे सर्रास ‘बॅटरी’ म्हणतात. घोटाळा नको म्हणून येथे दिव्याला विजेरी व आत घालावयाच्या घटाला सेल म्हटले आहे.

बेळगावचा पाऊस वाचकांस ठाऊक आहेच. दोन वर्षांपूर्वी आषाढातील एका रात्री आमच्या वखारीच्या पार टोकाचा पत्रा वाऱ्याने उचकटला आणि गव्हाच्या थप्पीवर पहाटेपर्यंत पाणी गळत राहिले. रखवालदाराने फाटकाशी उभे राहून दोनदा विजेरी मारून पाहिली होती. त्याला काही दिसले नव्हते. सकाळी भिजलेली पोती पाहताच आम्ही त्याच्यावर झोपल्याचा आरोप ठेवला व चार हमालांदेखत नको ते बोललो. तो एवढेच म्हणाला, “मालक, एकदा रात्री माझ्या जागी उभं राहून बघा.”

त्या रात्री आम्ही उभे राहिलो. पायांपुढचे अंगण दिवाळीसारखे उजळले; पण १२५ मीटरवरील छप्पर काळोखात जसेच्या तसे बुडालेले. दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता, आमच्या खरेदीचा होता.

खोक्यावर बहुधा ल्युमेनचा आकडा ठळक छापलेला असतो. ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर पोहोचेल, हे त्यावरून कळत नाही. झोताच्या मध्यभागी प्रकाश किती एकवटला आहे, ते कँडेला या मापाने सांगतात. नळीचे तोंड बोटाने दाबले की तेच पाणी लांब फेकले जाते, तसाच हा प्रकार. परावर्तक रुंद व खोल असला आणि त्यातील एलईडी लहान व प्रखर असली, म्हणजे झोत चिंचोळा होऊन दूर जातो.

पल्ला मोजण्याचे एफएल-१ हे प्रमाण अमेरिकेत २००९ साली ठरले. ज्या अंतरावर झोताचा उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तो विजेरीचा पल्ला. हिशेब सोपा आहे. कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी. १०,००० कँडेलाचा पल्ला २०० मीटर. पल्ला दुप्पट हवा असेल, तर कँडेला चौपट, म्हणजे ४०,००० लागतात.

परंतु चांदण्याइतक्या उजेडात माणसाची हालचाल दिसली, तरी चेहरा ओळखू येत नाही. पल्ल्याच्या अर्ध्या अंतरावर उजेड १ लक्स होतो व चौथाई अंतरावर ४ लक्स. म्हणून आमचा ठोकताळा असा की, जेथवर स्पष्ट पाहावयाचे आहे, त्याच्या चौपट पल्ल्याची विजेरी घ्यावी. आमच्या १२५ मीटरला ५०० मीटर पल्ल्याची विजेरी लागली. पावसात व धुक्यात थेंबांवरून उजेड उलट डोळ्यांवर येतो. अशा वेळी विजेरी डोळ्यांजवळ न धरता कमरेजवळ धरावी. चालताना मात्र चिंचोळा झोत कामाचा नाही. पायाखालचा विंचू-किडा दिसण्यास मंद व पसरट उजेडच हवा. दोन्ही सोयी असलेली विजेरी उत्तम.

आता सेलचा जमाखर्च. १८६५० नावाचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याची खरी क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९,९०० असे छापलेले आढळले, तर ते माप खोटे समजावे. त्याहून मोठ्या २१७०० सेलमध्ये सुमारे ५,००० मिळतात. त्यास ३.६ व्होल्टने गुणले की १८ वॉट-तास होतात; हीच आपली शिल्लक. दूरचा झोत १५ वॉट घेत असेल आणि तो तासात ४ मिनिटे लावला, तर तासाला १ वॉट-तास खर्च. जवळचा १ वॉटचा उजेड सतत ठेवला, तर तासाला आणखी १. आठ तासांच्या पहाऱ्यास १६ वॉट-तास लागले. तूट धरता हा हिशेब काठावरचा आहे. म्हणून भरलेला दुसरा सेल हाताशी असावा. खोक्यावरील चालण्याची वेळही सावधपणे वाचावी. त्या प्रमाणानुसार उजेड आरंभीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा सर्व काळ त्यात धरलेला असतो.

फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला लिथियम सेल वापरू नये. सेल बारदानाजवळ वा वखारीत रात्रभर चार्ज करीत ठेवू नयेत. पाण्याने पोती भिजतात, आगीने वखारच जाते. साधे अल्कलाइन सेल असतील, तर वापर नसताना काढून ठेवावेत. ते पाझरून विजेरी निकामी करतात.

नवी विजेरी आम्ही खोके वाचून घेतली नाही. दुकानदाराच्या संमतीने तीन नग एका रात्रीपुरते आणले, रखवालदाराच्या हाती दिले, आणि त्याने फाटकाशी उभे राहून निवड केली. त्याच चार हमालांदेखत आम्ही त्याची क्षमाही मागितली. भिजलेल्या गव्हाचे नुकसान वर्षअखेर भरून निघाले. तो शब्द मात्र आधी विजेरी पारखली असती, तर तोंडातून निघालाच नसता.